सहलीलाही वाफसा लागतो

जुलैतला शुक्रवार. अमरावतीतल्या एखाद्या घरी तीन भावांच्या कुटुंबांची चिखलदऱ्याची सहल ठरत असते. नवा तंबू दिवाणखान्यात उभारून पाहिलेला असतो आणि पोरं त्यात शिरून बसलेली असतात. स्वयंपाकघरात ठेच्याचा खाट उठलेला असतो. थोरला भाऊ गच्चीवर जाऊन आभाळ पाहून येतो आणि निकाल देतो, "इथं तं पाणीच नाई. जाऊन तं पाहू. जास्त झालं तं वापस येऊ."

पाऊस म्हणजे पाणी, ही वऱ्हाडातली साधी भाषा. पण या निकालात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, गच्चीवरून दिसणारं आभाळ हेच चिखलदऱ्याचं आभाळ. दुसरी, वापस यायचं ठरवलं की रस्ता जागेवर असेल. अकोल्याहून अकोटमार्गे नरनाळ्याला किंवा शहानूरला निघणाऱ्या घरातही हीच दोन गृहीतकं गाडीत बसतात.

गंमत अशी की, पावसाचा अंदाज घेऊन निर्णय करण्यात वऱ्हाडी माणूस कच्चा नाही. याच थोरल्या भावाचं गावाकडे वावर असेल, तर मृगाची पहिली सर पडली म्हणून तो पेरत नाही. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला त्याला पाठ असतो. मोठा पाऊस झाला की तो वाफशाची वाट पाहतो. पाणी जिरतं, मातीत हवा खेळू लागते, ढेकूळ हातात घेतलं की चिकटत नाही. मगच तिफण किंवा डवरं वावरात उतरतं. शेतावर असा आकड्यांनी आणि हातांनी निर्णय घेणारा माणूस सहलीला निघताना मात्र कुणीतरी पाठवलेल्या धबधब्याच्या व्हिडिओवर विसंबतो. बियाण्याची थैली वाया जाऊ नये म्हणून जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी तरी मागच्या सीटवरच्या पोरांसाठी घ्यायला हवी. सहलीलाही वाफसा पाहावा लागतो.

पावसात जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला सोसलेल्या अकोल्या-अमरावतीच्या माणसाला भिजण्याची ओढ असणारच. अकोल्यात वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर चिखलदऱ्याला सुमारे १,५०० मिलिमीटर. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास आहे. देवी पॉइंटचं धुकं, पंचबोलचा प्रतिध्वनी, भीमकुंडात कोसळणारं पाणी, हातातलं भाजलेलं कणीस आणि वरून रबडी, एवढ्यासाठी माणसं येतात. त्यांच्या येण्यावर तिथल्या टपरीवाल्यांची, गवळ्यांची, गाइड म्हणून फिरणाऱ्या कोरकू तरुणांची कमाई चालते. श्रावणात अकोटच्या जंगलातून धारगडच्या महादेवाला जाणारे भाविकही भर पावसातच चालतात. पावसात डोंगर चढणं हे खूळ मोबाइलमुळे आलेलं नाही.

प्रश्न डोंगराच्या रचनेचा आहे. गाविलगडची रांग दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या बाजूला, भिंतीसारखी उभी आहे. तिच्यावर पडलेलं पाणी चंद्रभागा, सापन, शहानूर या नद्यांतून पूर्णेच्या खोऱ्याकडे धावतं. रांगेच्या पलीकडे सिपना, गाडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या तापीकडे जातात. उतार तीव्र, खाली बेसॉल्टचा खडक, वर मातीचा पातळ थर. एकदा तो थर भिजून तुडुंब झाला की पुढचा पाऊस जिरत नाही, थेट नाल्यात येतो. म्हणून परतवाड्यात ऊन पडलेलं असताना सेमाडोहकडचा रपटा बुडालेला असू शकतो. सकाळी ज्या रपट्यावर पोरांनी पाय भिजवले, तोच संध्याकाळी घराची वाट अडवू शकतो.

मेळघाटात राहणाऱ्यांना आणि सरकारलाही हे चांगलं ठाऊक आहे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांमध्ये काही महिन्यांचं रेशनचं धान्य आधीच पोचवलं जातं. नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेचा तो ठरलेला भाग आहे. ज्या रस्त्यांवर भरवसा ठेवायला प्रशासन तयार नाही, त्याच रस्त्यांवरून अमरावतीचं कुटुंब दोन बिस्किटपुडे आणि अर्ध्या टाकीच्या जोरावर रविवारी रात्री परतायचं ठरवतं. वाटेत मोबाइलची रेंज कुठे जाईल, याचाही त्याला पत्ता नसतो.

घाटही हिशेबात धरावा लागतो. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटरचा रस्ता सपाट आहे. त्यापुढे धामणगाव गढीमार्गे जा किंवा घटांगमार्गे, वळणं, दरडी आणि धुकं चुकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आदिलाबादहून चिखलदऱ्याला आलेल्या पर्यटकांची गाडी दरीत कोसळून चौघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी प्रवासी बस पुलावरून खाली गेली, तेव्हाही माणसं दगावली. ती बस तर रोजच्या प्रवासाची होती, सहलीची नव्हती.

पाणी चढायला किती वेळ लागतो, हे ३० जून २०२४ ला लोणावळ्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. भुशी धरणामागच्या धबधब्यात उभं असलेलं कुटुंब एकमेकांना घट्ट धरून होतं. पाणी वाढत गेलं आणि एक महिला व चार मुलं अशी पाच माणसं गेली. वऱ्हाडाला यासाठी लोणावळ्यापर्यंत जायचीही गरज नाही. १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. दशक्रियेसाठी एकत्र आलेले ते नातेवाईक होते. दोन्हीकडे माणसं धाडस करायला निघाली नव्हती. घरातली माणसं सोबत होती आणि पाणी ओळखीचं वाटत होतं.

वाहतं पाणी किती खोल, यापेक्षा ते किती जोरात आहे हे महत्त्वाचं. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर वेगवान पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. "ट्रक गेला, आपणही जाऊ" हा रपट्यावरचा युक्तिवाद ट्रकच्या वजनावर उभा असतो.

आता तंबूकडे येऊ. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, अशी आख्यायिका आहे. जुलैत तिथे तंबू ठोकणाऱ्याला या नावाचा दुसराच अर्थ कळतो. मैदानात तर आणखी वाईट. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते, खुंट्या सैल सोडते, आणि खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा निचराच होत नाही. मग सपाट आणि कोरडी जागा शोधता शोधता पाय नाल्याकाठी वळतात.

१९९६ च्या ७ ऑगस्टला स्पेनमध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, बिएस्कास गावाजवळच्या तंबूतळावर डोंगरातून लोंढा आला आणि ८७ माणसं मेली. तो तळ रीतसर परवानगीचा होता आणि उन्हाळी सुट्टीतल्या कुटुंबांनी भरलेला होता. जागा छान सपाट होती, कारण डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यानेच वर्षानुवर्षं गाळ आणून ती सपाट केली होती. सातपुड्याचे नाले अकोट, तेल्हारा, अचलपूरच्या बाजूला मैदानात उतरतात, तिथेही गोट्यांची आणि वाळूची अशी मोहात पाडणारी जागा मिळते. ती कुणी सपाट केली, हा प्रश्न तंबू उघडण्याआधी पडायला हवा.

तंबूच्या बाकी अडचणी घरगुती वाटतात, म्हणूनच दुर्लक्षित राहतात. तंबू वीज अडवत नाही आणि झाडाखालचा तंबू धोका वाढवतो. विजा कडाडू लागल्या की बंद काचांची, लोखंडी टपाची गाडी त्यापेक्षा बरी. भिजलेलं लहान मूल वाऱ्यात मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं आणि चिखलदऱ्यावर वारा असतोच. ऊब यावी म्हणून बंद तंबूत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास असतो ना रंग, आणि झोपेतल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. बिळात पाणी शिरलं की साप-विंचूही कोरडी जागा शोधू लागतात. शिवाय मेळघाट हा १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातल्या सफारीही बंद असतात.

तेव्हा निर्णय कसा घ्यायचा? शेतकऱ्याचाच आकडा उचलावा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे पीक नुकसानीच्या पंचनाम्यांमुळे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मंडळनिहाय पाऊस कृषी खात्याच्या 'महारेन' संकेतस्थळावर रोज दिसतो. तिथे अमरावती पाहून उपयोग नाही, चिखलदरा आणि सेमाडोह पाहावं. आदल्या दिवशी तिथे ६५ चा आकडा ओलांडला असेल, तर शनिवार रद्द. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, तरी रद्द. पिवळा असेल तर जावं, पण मुक्काम पक्क्या छपराखाली, नदीपासून दूर, आणि उजेडात परत. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे मोफत अॅप आहे. ते घरूनच मोबाइलवर घेऊन ठेवावं, घाटात रेंजची खात्री नाही.

आकडा पाहूनही घरं निघतात, ही खरी अडचण. खोलीचे आगाऊ पैसे भरलेले असतात. पोरांना शब्द दिलेला असतो. तीन भावांपैकी "नको" म्हणणारा भित्रा ठरतो आणि सुनांनी म्हटलं तर "तुमचं नेहमीचंच" असं ऐकावं लागतं. म्हणून नकाराचा हक्क आधीच वाटून टाकावा. गाडी चालवणाऱ्याने किंवा लहान मूल असलेल्या आईने, कुणीही एकाने नको म्हटलं की विषय संपला, त्यावर मतदान नाही. हॉटेलवाल्यांनीही इशाऱ्याच्या दिवशी तारीख बदलून द्यायची रीत पाडली, तर अडकलेल्या पैशांमुळे घाट चढणाऱ्या गाड्या कमी होतील, आणि त्यांचं गिऱ्हाईकही तुटणार नाही.

दुर्घटना घडली की मनाई आदेश काढणं प्रशासनाला सोपं जातं. सरसकट बंदीत टपरीवाल्याचा हंगाम बुडतो, आणि हौशी लोक पोलीस नसलेला नाला शोधतातच. त्यापेक्षा परतवाड्याच्या आणि अकोटच्या चौकात डोंगरावरच्या पावसाचा ताजा आकडा, बुडालेले रपटे आणि घाटाची स्थिती मोठ्या फलकावर लावायला फारसा खर्च नाही. माहिती तहसीलमध्ये असतेच, ती चौकापर्यंत येत नाही. आणि फलक वाचून गाडी वळवायला चौकाइतकी सोयीची जागा पुढे घाटात मिळत नाही.

तंबूचा हंगाम वेगळाच आहे. परतीच्या पावसातल्या दुपारच्या विजा संपल्या, दिवाळी झाली, की माती घट्ट होते, नाले निवळतात आणि रात्री चांदण्यांनी भरतात. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गाविलगड किल्ल्याला वेढा घातला तोही डिसेंबरात. घरच्या लष्कराला तेवढं थांबायला हरकत नसावी.

शुक्रवारच्या त्या घरी एवढ्यात धाकटी सून मोबाइल पुढे करते. सेमाडोहला ७० च्या वर. थोरला भाऊ परतवाड्याच्या मामांना फोन लावतो. मामा पलीकडून ओरडतात, "काऊन येता बाप्पा? वरतं सकायपासून धो धो पाणी पडून राह्यलं." घरात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग खोलीची तारीख पुढे ढकलायला एक फोन होतो, कणसं गॅसवर चढतात, आणि तंबू मात्र दिवाणखान्यातून हलत नाही. रात्री अकराला त्यात पाच पोरं झोपलेली असतात आणि सहावं आतून ओरडत असतं, पंखा वाढवा म्हणून.