रस्ता झाला, पण ओढ्याचं काय? दिघाशीसारख्या गावांत काठावरची झाडं-झुडपं का महत्त्वाची आहेत?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जिथे संपतो, ते आमणे भिवंडी तालुक्यात आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच तालुक्यातून जातो. सोबत गोदामांकडे जाणारे रस्ते, गावांना जोडणारे रस्ते, जुन्या रस्त्यांचं रुंदीकरण सुरूच असतं.

दिघाशीसारख्या गावांना चांगला रस्ता हवाच आहे. दवाखाना, शाळा, कंपनीतली पाळी, भाजीची गाडी असं सगळं त्यावर अवलंबून असतं. पण ठाणे जिल्ह्याच्या या भागात थोडं अंतर गेलं की रस्त्याला एखादा ओढा आडवा येतो. तिथे मोरी किंवा लहान पूल बांधताना काठावरची झाडं-झुडपं सरसकट साफ केली जातात. हे नुकसान सहसा कुठल्या हिशोबात धरलं जात नाही.

काठावरची झाडी नेमकं काय करते?

ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओहोळ जुलैमध्ये काही तासांत दुथडी भरून वाहू शकतो.

त्या वेळी काठ धरून ठेवतात ती मुळं. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन यांची मुळं खोलवर माती बांधून ठेवतात. वाळुंज, निर्गुडी, शेरणी ही झाडं-झुडपं पुरात वाकतात, पण सहसा मोडत नाहीत, त्यामुळे पाण्याचा वेग कमी होतो. वाळ्यासारखं गवत शेतातून वाहून येणारा गाळ अडवतं.

काठ उघडा पडला की माती ढासळते आणि मोरीच्या तोंडाशी गाळ साचतो. पाणी तुंबून बाजूच्या भातशेतात शिरतं किंवा रस्त्याचा भराव पोखरतं. म्हणजे काठावरची झाडी तोडली, तर फटका शेवटी त्याच रस्त्याला बसतो.

पहिल्या पावसात मासे नदीतून ओढ्यांत आणि तिथून शेतांत चढतात. या वलगणीच्या माशांची इथली घरं वाट पाहत असतात. मोरीचा तळ ओढ्याच्या पात्रापेक्षा उंच ठेवला तर माशांची ही वाट बंद होते. काठाची सावली गेली तर उरलेल्या डबक्यांतलं पाणीही लवकर तापतं आणि आटतं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी १९६४ चा झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा, खैर, मोह अशी ठराविक झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते. पण निर्गुडी, शेरणी, वाळा यांचा त्यात समावेश नाही. कायदा खोड मोजतो, काठ मात्र झुडपं आणि गवतानेही टिकतो.

पर्यावरणीय मंजुरीची २००६ ची अधिसूचना राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या मोठ्या कामांना लागू होते, गावरस्त्यांना नाही. केंद्राचं २०१५ चं हरित महामार्ग धोरण प्रकल्पखर्चाचा १ टक्का झाडांसाठी राखून ठेवायला सांगतं, पण तेही राष्ट्रीय महामार्गांपुरतं. वनजमीन लागणार असेल तर १९८० चा वन कायदा आणि भरपाई वनीकरण येतं. खासगी किंवा गावठाणालगतच्या ओढ्याला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणजे महामार्गासाठी काही नियम तरी आहेत. पण तालुक्यातले बहुतेक ओढे ओलांडणारे छोटे रस्ते या चौकटीबाहेरच राहतात.

मग झाडं लावली की झालं?

फक्त संख्या मोजून भागत नाही. राज्य सरकारने २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी मोहीम राबवली. शेवटच्या वर्षाचं लक्ष्य ३३ कोटी झाडांचं होतं. त्यानंतर चर्चा रंगली ती किती झाडं जगली याची.

दुसरा प्रश्न जातीचा आहे. रस्त्याकडेला गुलमोहर, सोनमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा ग्लिरिसिडिया लावणं सोपं पडतं. ती लवकर वाढतात, हिरवी दिसतात. पण वर्षातले काही आठवडे मुळं पाण्यात आणि काही महिने कोरड्यात, असं ओढ्याच्या काठचं जगणं स्थानिक जातींना जमतं. गुलमोहर तर वादळी पावसात सहज उन्मळून पडतो.

काम करताना काय बदलता येईल?

यातलं बरंचसं स्वस्त आहे, फक्त वेळेवर करावं लागतं.

पहिलं, जे तोडायची गरज नाही ते तोडू नये. मोरीसाठी लागणारी जागा आखून बाकी काठाला दोरी किंवा कुंपण घालावं, म्हणजे जेसीबी आणि डंपर तिथे फिरणार नाहीत. उरलेली माती आणि खडी ओढ्यात लोटली जाणार नाही याकडे लक्ष द्यावं.

दुसरं, खोदताना वरचा सुपीक थर वेगळा काढून ठेवावा आणि काम संपल्यावर परत पसरावा. त्यात स्थानिक गवताचं बी आणि मुळं असतात.

तिसरं, ओढ्यातलं काम पावसाळ्याच्या बरंच आधी संपवावं. मे महिन्याच्या शेवटी काठावर मोकळ्या मातीचे ढीग असतील, तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत ते पात्रात जातात. उतारावर काथ्याची जाळी अंथरली तर गवत रुजेपर्यंत माती टिकते.

चौथं, रोपं जवळचीच हवीत. निर्गुडी आणि वाळुंज फांद्या खोचूनही येतात, वाळ्याचे ठोंब लावता येतात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करता येतात. जांभळाचं बी मात्र ताजंच पेरावं लागतं.

जगवायची जबाबदारी कुणाची?

इथे एक तयार मार्ग आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या कंत्राटात रस्त्याची ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. मोरीजवळच्या काठाची लागवड याच देखभालीत धरली आणि बिलाचा काही भाग तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांशी जोडला, तर खड्डा बुजवण्याइतकीच ती जबाबदारी ठरेल.

दुसरा आधार ग्रामपंचायतीचा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. कुठल्या ओढ्यावर कुठली झाडं होती, हे त्या नोंदवहीत असेल तर रस्त्यानंतर काय परत लावायचं याचं उत्तर गावाकडेच असतं. गावकऱ्यांना ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात कामाचं अंदाजपत्रकही मागता येतं.

दुर्लक्षाची किंमत नंतर किती वाढते, याचं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आहे. तिथल्या रस्त्यांखालच्या मोऱ्यांनी सामन माशांची वाट अडवली म्हणून आदिवासी जमाती न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला अशा मोऱ्या बदलायला सांगितलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो आदेश कायम राहिला. आता बांधलेले रस्ते फोडून ते काम करावं लागतंय आणि खर्च अब्जावधी डॉलरचा आहे.

भिवंडीच्या गावांत अनेक मोऱ्या अजून बांधायच्या आहेत. अंदाजपत्रक बनतानाच काठाच्या लागवडीची एक ओळ त्यात घातली, तर खर्च रोपं, काथ्या आणि मजुरी एवढाच राहतो. ती ओळ आहे की नाही, हे काम सुरू होण्याआधी विचारायला हवं.