दहा मिनिटांत सामान दारात, मग घरात साठा कशाला? सारसोळ्याच्या ‘आगोटी’तून समजून घ्या

मे २०२५ मध्ये मुंबई आणि नवी मुंबईत चार घटना लागोपाठ घडल्या.

७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मुंबई आणि तारापूरबरोबर उरणही होतं. ९ मे रोजी केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांना ‘देशात धान्याचा पुरेसा साठा आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगावं लागलं. पावसाळा लक्षात घेऊन ऑगस्टपर्यंतचं रेशनचं धान्य आगाऊ वाटून टाकावं, अशी सूचना केंद्राने राज्यांना दिली. आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या तब्बल १६ दिवस आधी.

युद्धाची भीती, अफवा, रेशन आणि पाऊस या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पण त्या चारही एकाच प्रश्नापाशी येतात. बाजार काही दिवस बंद पडला, तर घरात किती दिवसांचं खायला आहे?

शहरातल्या बहुतेकांकडे याचं उत्तर तयार नसतं. पण नेरुळच्या सेक्टरांनी वेढलेल्या सारसोळे गावासारख्या आगरी-कोळी वस्त्यांत ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं होतं. त्याला नावही होतं: आगोट.

आगोट म्हणजे काय?

आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. ठाणे, रायगड, पालघर या पट्ट्यात मृग नक्षत्राच्या आधी घरात चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची पद्धत आहे. तिला ‘आगोटीची खरेदी’ किंवा ‘आगोट भरणं’ म्हणतात.

यात काय काय येतं? तांदूळ, वाल, वर्षभराचा कांडलेला मसाला, सुक्या मिरच्या, चिंच, आमसुलं, मीठ, कांद्या-लसणाच्या माळा, पापड. आणि सर्वांत महत्त्वाची सुकी मासळी: बोंबील, सुकट, जवळा, करंदी, वाकट्या, सोडे. पूर्वी याच्या जोडीला सरपण आणि गोवऱ्याही कोरड्या जागी रचून ठेवत.

ही निव्वळ हौस नव्हती. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तो माशांच्या प्रजननाचाही काळ असतो. म्हणून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नसते, पण त्यांनाही पावसाळी वाऱ्यात रोज बाहेर पडता येतंच असं नाही. ताजी मासळी कमी, भाजी महाग, रस्ते चिखलाचे, आणि कमाई घटलेली. हे सगळं दरवर्षी ठरलेल्या वेळी येणार हे माहीत होतं, म्हणून तयारीही ठरलेल्या वेळी व्हायची.

आगोटीचं शहाणपण इथेच आहे. खरेदी संकटाच्या आधी होते, स्वस्ताईच्या काळात होते, आणि घरात रोज जे खाल्लं जातं त्याचीच होते. पावसाळा संपेपर्यंत तो साठा खाऊन संपतोही. वर्षानुवर्षं डब्यात पडून राहणारं त्यात काही नसतं.

मग ही पद्धत मागे का पडली?

एक कारण जमिनीचं आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. भातशेती गेली, तसा घरचा तांदूळ गेला आणि तो साठवायच्या कणग्याही गेल्या. गावठाणात घरं दाटीने उभी राहिली. मसाला, पापड, मासळी वाळवायला लागणारं अंगण उरलं नाही. सारसोळे गाव आणि खाडीवरची जेट्टी यांच्या मधून आता पाम बीच रस्ता जातो.

दुसरं कारण सोयीचं आहे. सारसोळ्यापासून काही किलोमीटरवर वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच मोठे बाजार इतक्या जवळ असताना घरात पोती कशाला ठेवायची? त्यात आता मोबाइलवरून मागवलेलं सामान काही मिनिटांत दारात येतं. ज्या शहरात स्वयंपाकघर लहान आणि घरभाडं मोठं, तिथे दुकानालाच कोठार मानणं साहजिक आहे.

पण हे कोठार अधूनमधून बंद पडतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल थांबल्या आणि अनेक भागांत काही दिवस वीज नव्हती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर होताच दुकानांपुढे झुंबड उडाली. त्याच वर्षी ११ ते १७ मे या काळात करोनाच्या प्रादुर्भावामुळे वाशीचे बाजार बंद ठेवावे लागले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज काही तास गेली. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनामुळे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

म्हणजे वीस वर्षांत पाच वेळा, पाच वेगळ्या कारणांनी. यातल्या कुठल्याही वेळी देशात धान्य संपलेलं नव्हतं. तुटला होता तो गोदामापासून घरापर्यंतचा शेवटचा दुवा.

सरकारी गोदामं भरलेली असताना काळजी कशाची?

मे २०२५ मध्ये सरकारने दिलेले आकडे दिलासा देणारेच होते. केंद्राकडे तेव्हा सुमारे ३५६ लाख टन तांदूळ होता आणि निकषानुसार १३५ लाख टन पुरेसा होता. गहूही निकषापेक्षा जास्त होता.

मात्र गोदामातलं पोतं आणि घरातला डबा यांच्यामध्ये ट्रक, डिझेल, हमाल, दुकानदार आणि रस्ता असतो. दुकानदारही आता फार माल भरून ठेवत नाही. रोज येतो तेवढा विकतो. त्यामुळे एखाद्या परिसरातल्या प्रत्येक घराने एकाच संध्याकाळी दहा किलो तांदूळ जास्तीचे घेतले, तर दुकान काही तासांत रिकामं होतं. रिकाम्या फळीचा फोटो फिरतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी गर्दी होते. टंचाई नसताना टंचाई तयार होते ती अशी.

बेगमी आणि साठेबाजी यांतला फरक इथे कळतो. बेगमी निवांत काळात, थोडी थोडी होते. तेव्हा बाजारावर ताण येत नाही. घाबरून केलेली खरेदी शेजाऱ्याच्या वाट्याचं उचलते. कायद्यातली साठेबाजी त्याहून वेगळी. अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली साठ्याची मर्यादा व्यापाऱ्यांवर घातली जाते. मे २०२५ मध्ये गव्हासाठी ती घाऊक व्यापाऱ्याला ३,००० टन आणि किरकोळ दुकानाला १० टन अशी होती. ऑगस्टमध्ये ती २,००० आणि ८ टनांवर आणली गेली. घरच्या वापरासाठी ठेवलेल्या दोन-चार डब्यांशी तिचा संबंध नाही.

मग घरात नेमकं किती असावं?

युरोपीय आयोगाने २६ मार्च २०२५ रोजी जाहीर केलेल्या धोरणात प्रत्येक घराने किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावून न्यावं, असं म्हटलं आहे. स्वीडनने नोव्हेंबर २०२४ पासून घरोघरी पुस्तिका पाठवून आठवडाभराच्या तयारीचा सल्ला दिला. जर्मनीत शक्य असल्यास दहा दिवसांचा साठा ठेवायला सांगितलं जातं.

आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराचे निकष जाहीर केले. त्यानुसार २,००० उष्मांकांच्या रोजच्या आहारात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य आणि २७ ग्रॅम तेल-तूप लागतं. यावरून चौघांच्या घराचा दहा दिवसांचा हिशेब सहज निघतो: १० किलो तांदूळ-गहू-ज्वारी, साडेतीन किलो डाळी आणि एक किलोच्या आसपास तेल. सोबत मीठ, गूळ, शेंगदाणे, दूध पावडर, कांदे-बटाटे. हे सगळं ओट्याखालच्या एका कप्प्यात मावतं.

त्यातलं काही तरी न शिजवता खाता येईल असं हवं. कारण पुरात किंवा वीज गेल्यावर शेगडी पेटेलच याची खात्री नसते. पोहे, चुरमुरे, फुटाणे, मेतकूट, खाकरा, लाडू, गूळ-शेंगदाणे ही मराठी घरांतली जुनी सोय इथे उपयोगी पडते. फ्रीजमधल्या वस्तू मात्र आणीबाणीच्या साठ्यात धरू नयेत. वीज गेली की सर्वांत आधी त्याच खराब होतात.

पाणी हा मात्र अनेकदा विसरला जाणारा भाग आहे. नेरुळच्या इमारतींत पाणी वरच्या टाकीत चढतं ते पंपाने, आणि पंप चालतो विजेवर. जर्मनीचा निकष माणशी रोज दोन लिटर असा आहे. चौघांना तीन दिवसांसाठी तो २४ लिटर होतो. आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून थोडं जास्त ठेवलेलं बरं. तांदूळ-डाळ कितीही असली, तरी शिजवायला पाणी नसेल तर ती असून नसल्यासारखीच.

लहान बाळ, मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण घरात असतील, तर त्यांचं अन्न आणि दहा-पंधरा दिवसांची औषधं हिशेबात आधी धरावी लागतात.

दमट हवेत साठा टिकवायचा कसा?

खाडीकाठच्या हवेत धान्याचा खरा शत्रू ओलावा आहे. दाणा ओलसर असला की पोरकिडे आणि बुरशी दोन्ही येतात. म्हणून धान्य भरण्याआधी कडक ऊन देऊन पूर्ण थंड करावं आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावं. डाळींना एरंडेल तेलाचा हलका हात आणि धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला हे जुने उपाय आजही चालतात. बोरिक पावडर मात्र टाळलेली बरी. ती धुताना पूर्ण निघाली नाही तर थेट पोटात जाते.

पीठ धान्यापेक्षा लवकर खराब होतं. म्हणून साठा धान्याचा ठेवावा आणि पीठ थोडं. पण गिरणीही विजेवर चालते, त्यामुळे निदान आठवड्याचं पीठ हाताशी असावं. बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून घेण्याऐवजी टाकून द्यावेत, कारण बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. सुकी मासळी हवाबंद डब्यात ठेवावी आणि पावसाच्या उघडिपीत पुन्हा ऊन दाखवावं.

सगळ्यात सोपा नियम म्हणजे नवा माल मागे, जुना पुढे. रोजच्या स्वयंपाकात जुना वापरायचा आणि वापरला तेवढाच पुन्हा भरायचा. असं केलं की साठा वेगळा ‘सांभाळावा’ लागत नाही.

खरी अडचण कुठे आहे?

आगोट तीन गोष्टींवर उभी होती: मे महिन्याचं खात्रीचं ऊन, घरातली जागा आणि हातात एकदम येणारे पैसे. आता तिन्ही डळमळीत आहेत.

उन्हाचंच पाहा. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. २०२५ च्या आधीचा सर्वांत लवकरचा नोंदलेला दिवस २९ मे होता. २०२५ मध्ये मे महिनाभर अवकाळी सरी पडत राहिल्या आणि २६ तारखेला मोसमी पाऊसच आला. मासळी सुकवण्याचा, मसाला वाळवण्याचा हंगाम नेमका हाच. किनाऱ्यावरच्या गावांत वाळत घातलेली मासळी भिजली. विकणाऱ्या कोळणींचं उत्पन्न गेलं आणि घेणाऱ्यांची आगोटही महागली. संकटासाठी साठा करायची पद्धतच हवामानाच्या संकटात सापडली, असा हा पेच आहे.

जागा आणि पैशाचा प्रश्न भाडेकरूंना जास्त भेडसावतो. नवी मुंबईच्या गावठाणांत एका खोलीत राहणारी, रोजंदारीवर जगणारी असंख्य कुटुंबं आहेत. रोजची कमाई रोजच्या किराण्यात जाते, तिथे दहा दिवसांचा साठा करा हा सल्ला अपुरा ठरतो.

म्हणूनच आगाऊ रेशनचा निर्णय महत्त्वाचा होता. प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. पाच जणांच्या कुटुंबाला तीन महिन्यांचं मिळून ७५ किलो होतं. एका अर्थाने ही सरकारने भरून दिलेली आगोटच. पण ७५ किलो धान्य गळक्या खोलीत कोरडं कसं ठेवायचं, याची सोय त्यात नव्हती. शिवाय शहरात या गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. त्याच्या जरा वर कमावणारा मजूर या योजनेबाहेर राहतो. ज्यांचं कार्ड गावाकडचं आहे, त्यांना ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे इथल्या दुकानातूनही धान्य घेता येतं, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचणं तितकंच गरजेचं आहे.

ज्यांना परवडतं त्यांनी निवांत दिवसांत दर महिन्याला एखादा किलो जास्तीचा भरावा, म्हणजे गडबडीच्या दिवशी दुकानातली रांग तेवढी लहान होईल आणि फळीवरचा माल त्या दिवशीच कमावून आणणाऱ्याला मिळेल. आणि ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी पावसाआधीचं रेशन आणि ते ठेवायला कोरडी जागा, वस्तीतली शाळा असो की समाजमंदिर, ही जबाबदारी यंत्रणेची आहे. पावसाळा आता कॅलेंडर पाहून येत नसेल, तर तयारीलाही मे महिन्याची वाट पाहून चालणार नाही.