धाकट्यालाही रिमोट द्या!

दोस्तांनो, व्हिडिओ गेम खेळताना धाकट्या भावाच्या हातात बंद रिमोट देऊन त्याला गप्प बसवता ना? (सगळीकडे हेच चालतं!) ‘स्निपरक्लिप्स’मध्ये मात्र ही लबाडी चालायची नाही. २०१७ साली निन्टेन्डो स्विचवर आलेल्या या खेळात स्निप आणि क्लिप हे दोन कागदी गडी आहेत. एक तुमचा, एक धाकट्याचा. तुमचा गडी जेवढा दुसऱ्यावर येईल, तेवढा त्याचा तुकडा कचकन कापला जातो! डोक्यात खाच पाडली, की तिच्यात चेंडू बसवून तो बास्केटमध्ये न्यायचा. चुकून भलतंच कापलं? बटण दाबा, कागद पुन्हा अखंड. “तू वळ, मी कापते” असं सारखं बोलावं लागतं, म्हणून शेजारी बसूनच खेळा.

स्विच महाग पडतो. तो नसेल तर आईच्या मोबाइलवर ‘मॉन्युमेंट व्हॅली’ (२०१४) बघा. खेळ तसा एकट्याचा, पण एकाने वाट शोधायची, दुसऱ्याने बोटाने इमारत फिरवायची. तुटलेला जिना अचानक जुळतो तेव्हा काय मजा येते! मारामारी नाही, घड्याळ नाही. आजीसुद्धा खेळू शकेल. तो विकत घ्यावा लागतो हं, आधी आईला विचारा.