कोनशिला आणि क्रीडांगण

सार्वजनिक बांधकाम आपल्याकडे ज्या क्रमाने चालते, त्यात कोनशिला सर्वांत आधी तयार होते, आणि बहुधा तीच सर्वांत सुबक असते. तिच्यावरील अक्षरे रेखीव, तारीख बिनचूक, आणि उपस्थित मंडळींची नावे मानाच्या क्रमाने कोरलेली असतात. काम पुरे केव्हा होणार, एवढे मात्र तिच्यावर कोठेही लिहिलेले नसते. पूल, धरणे, रुग्णालये यांच्या बाबतीत या रीतीविरुद्ध पुष्कळ लिहून झाले आहे. क्रीडांगणांविषयी मात्र सुशिक्षित वर्ग सहसा तोंड उघडत नाही. खेळ ही फावल्या वेळाची बाब. ती चार वर्षे मागे पडली म्हणून कोणाचे काय अडणार, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत आपलीच मुले देत आहेत, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. क्रीडांगणास विलंब होणे हा एक दोष खराच. परंतु विलंब डोळ्यांसमोर दिसू लागल्यावरही दुसऱ्या मैदानाची निवड करण्यास आपण लाजतो, हा त्याहून मोठा दोष होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्याला लागून असलेल्या गोव्याचे उदाहरण पाहा. 35 वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा 2015 च्या आरंभी केरळात पार पडली. दर दोन वर्षांनी भरावी अशी अपेक्षा असलेल्या या महोत्सवाचे पुढचे, म्हणजे 36 वे, यजमानपद गोव्याकडे होते, आणि त्यासाठी 2016 हे वर्ष मुक्रर झाले होते. ते वर्ष गेले. 2017 गेले, 2018 ही गेले. मग 2019 च्या मार्च-एप्रिलचा मुहूर्त धरला, तो टळला. त्यानंतर 2020 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा धरला, तेव्हा कोरोनाची साथ आडवी आली. साथीचा दोष कोणाच्याच माथी मारता येत नाही. तथापि साथ येण्यापूर्वीच तीन वर्षांहून अधिक काळ हातचा निघून गेला होता, आणि तेवढ्या अवधीत क्रीडांगणे व इतर सोयी अपुऱ्या असल्याचे कारण पुनःपुन्हा पुढे येत होते. अखेर 36 वी स्पर्धा गुजरातेत घ्यावी असे 2022 च्या जुलैत ठरले, आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी ती तेथे सुरूही झाली! सहा शहरांत सामने वाटून दिले गेले. सायकलींच्या शर्यतींस लागणारी धावपट्टी गुजरातेत नव्हती, म्हणून त्या शर्यती दिल्लीस झाल्या. गोव्याने पुढे 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 37 वी स्पर्धा भरविली, आणि चांगली भरविली. आपल्या महाराष्ट्राने तीत 80 सुवर्णपदकांसह एकूण 228 पदके मिळवून पहिला क्रमांक पटकाविला, याचा आम्हांस आनंदच आहे.

परंतु आनंदाच्या भरात हिशेब विसरता कामा नये. दोन स्पर्धांच्या दरम्यान साडेसात वर्षे लोटली. जी व्यवस्था 2022 मध्ये अडीच-तीन महिन्यांत लागली, ती 2017 मध्ये का लागू नये? मैदाने तेव्हाही देशात होती, खेळाडू तेव्हाही होते. नव्हते ते एवढेच की, 'येथे होत नाही, तेथे घ्या' असे वेळेवर म्हणण्याचे धैर्य. हा केवळ गोव्याचा दोष आहे असेही कोणी समजू नये. झारखंडात व्हावयाची 34 वी स्पर्धा अशाच तहकुबी सोशीत 2011 च्या फेब्रुवारीत एकदाची झाली. म्हणजे खोड एका राज्याची नसून सर्व देशाची आहे.

आता या दिरंगाईत बुडाले कोणाचे? गुत्तेदाराचे देयक आज ना उद्या मिळते. अधिकाऱ्याची बदली होते. पुढाऱ्यास उद्घाटनासाठी दुसरी इमारत सापडते. खेळाडूचे वय मात्र परत मिळत नाही. 2015 साली अठरा वर्षांची असलेली धावपटू 2022 साली पंचवीस वर्षांची झाली. मधल्या काळात तिच्या पायांतील उत्तम वर्षे कोणत्या खात्यावर जमा झाली? याहून स्पष्ट दाखला मुलींच्या फुटबॉलचा आहे. सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात 2020 मध्ये व्हावयाची होती. साथीमुळे ती प्रथम पुढे ढकलली आणि नंतर रद्द झाली. भारतास पुढची, 2022 ची स्पर्धा देण्यात आली. देशाला स्पर्धा मिळाली, परंतु 2003 आणि 2004 साली जन्मलेल्या ज्या मुली पहिल्या स्पर्धेसाठी झटत होत्या, त्या दुसऱ्या स्पर्धेच्या वयोमर्यादेबाहेर गेल्या. तेथे कारण साथीचे होते आणि इलाज नव्हता. पण जेथे साथ नसते, केवळ सिमेंट व सह्या यांचा खोळंबा असतो, तेथेही मुलांच्या पदरी अगदी हेच फळ पडते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

'खेळून कोणाचे पोट भरले आहे?' हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत अजून विचारला जातो. त्याचे उत्तर रोखठोक आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. त्या जागेचा दरवाजा प्रमाणपत्राने उघडतो, प्रमाणपत्र स्पर्धेत मिळते, आणि स्पर्धा मैदानावर होते. मैदान नाही म्हणून स्पर्धा टळली, की प्रमाणपत्र टळले. आणि नोकरीची वयोमर्यादा तर कोणासाठी थांबत नाही. देवरी किंवा सालेकसा येथील एखाद्या आदिवासी शेतकऱ्याच्या मुलीस हा दरवाजा जितका मोलाचा आहे, तितका शहरातील वकिलाच्या मुलास नसेल. म्हणून जो विलंब आपणांस क्षुल्लक वाटतो, तो तिच्या घरी क्षुल्लक नसतो.

मोठ्या कामास वेळ लागतोच, असा दुसरा आक्षेप आहे. तो आम्ही अर्धा मान्य करतो. ज्या इंग्रजांकडून आपण हा खेळ घेतला, त्यांचीच गोष्ट घ्या. लंडनमधील जुने वेम्ब्ली क्रीडांगण सुमारे तीनशे दिवसांत बांधून झाले, आणि 1923 च्या एप्रिलात, काम संपल्यावर चारच दिवसांनी, तेथे चषकाचा अंतिम सामना झाला. तेच क्रीडांगण पाडून नवे बांधावयास घेतले, तेव्हा मात्र पोलादी कामावरून गुत्तेदारांत तंटे माजले, तारखा चुकल्या, आणि 2006 च्या मे महिन्यातील अंतिम सामना तेथे होणार म्हणून गाजावाजा होऊनही तो होऊ शकला नाही. नवे वेम्ब्ली 2007 च्या मार्चमध्ये उघडले. म्हणजे धनाढ्य व शिस्तप्रिय राष्ट्रासही विलंब चुकला नाही. परंतु पुढची गोष्ट पाहा. जुने मैदान बंद पडले म्हणून त्यांनी चषक बंद ठेवला नाही. 2001 पासून 2006 पर्यंत सहाही अंतिम सामने वेल्सच्या राजधानीत, कार्डिफ येथे झाले. वेल्सच्या भूमीत इंग्लंडचा चषक खेळविण्यात त्यांना नामुष्की वाटली नाही. त्या काळात इंग्लंडचा राष्ट्रीय संघ गावोगाव हिंडला: डर्बी, लेस्टर, साउदॅम्प्टन, इप्सविच, संडरलंड. ज्या गावांतील मुलांनी आपला संघ दुरूनच पाहिला असता, त्यांच्या दारी तो चालत आला. विलंबातूनही कधी कधी असे भले होते. मात्र त्यासाठी दुसऱ्या मैदानास तुच्छ न लेखण्याची वृत्ती अंगी असावी लागते.

आपल्या महाराष्ट्रातही असा अनुभव नाही असे नाही. 2022 च्या आरंभी महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने आधी नवी मुंबई, अहमदाबाद व भुवनेश्वर येथे व्हावयाचे होते. साथीच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून 2021 मध्ये बेत बदलला, आणि नवी मुंबईच्या जोडीस मुंबईतील अंधेरी व पुण्यातील बालेवाडी ही मैदाने घेतली गेली. बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभारलेले. अठ्ठावीस वर्षांनंतर अडचणीच्या वेळी ते आशिया खंडाच्या कामी आले. गोव्यातील फातोर्ड्याचे क्रीडांगण 1989 चे. मुलांच्या 2017 च्या व मुलींच्या 2022 च्या विश्वचषकाचे सामने त्यावर झाले, आणि 2023 च्या राष्ट्रीय स्पर्धेचे उद्घाटनही तेथेच झाले. वेळेला धावून येते ते आधीपासून उभे असलेले, झाडून-पाणी घालून राखलेले मैदान. नव्या आराखड्याचे सुंदर चित्र त्या वेळी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

हीच दृष्टी घेऊन आमच्या गोंदिया जिल्ह्याकडे यावे. भंडाऱ्यातून निघून 1 मे 1999 रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. त्यात आठ तालुके आहेत. तालुका, जिल्हा व महसूल विभाग अशा तीन पायऱ्यांवर क्रीडासंकुले बांधण्याची राज्याची योजना आहे, आणि 2022 मध्ये त्यांच्या अनुदानाची मर्यादा तालुक्यास पाच कोटी, जिल्ह्यास पंचवीस कोटी व विभागास पन्नास कोटी रुपये अशी वाढविण्यात आली. रक्कम लहान नाही. परंतु आमच्या भागातील शेतकऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही: मालगुजारी तलाव कितीही मोठा बांधला, तरी त्यापासून बांधीपर्यंत पाट काढल्याखेरीज धान पिकत नाही. क्रीडासंकुलांचे तसेच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे भव्य संकुल हा तलाव. शाळांची व गावांची मैदाने हे पाट. तलावाचे काम रखडले, तर निदान पाटांची डागडुजी तरी चालू ठेवावी, हा साधा व्यवहार आहे. आपण मात्र उलट करतो. 'लवकरच नवे संकुल होणार' या आशेवर जुन्या मैदानाची पाणीपट्टी भरणे थांबते, कुंपण मोडते, त्यावर मंडप, सर्कशी व प्रदर्शने यांचे राज्य सुरू होते. आणि नवे संकुल तर होत नाहीच. मुले बिचारी दिवाळीनंतर धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत खेळतात, आणि खरीप आला की तेथूनही उठतात.

आंतरराष्ट्रीय सामन्यास लागणारे फुटबॉलचे मैदान 105 मीटर लांब व 68 मीटर रुंद असते. म्हणजे जमीन लागते ती जेमतेम पावणेदोन एकर. एवढी जागा सपाट करून, गवत लावून, पाण्याची सोय करण्यास दशके लागत नाहीत. दशके लागतात ती छतास, सज्जांस, अतिथिकक्षांस. पाहणाऱ्यांच्या सोयीपायी खेळणारे ताटकळत राहतात. कोल्हापुराकडे पाहावे. तेथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठांच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात, आणि सारे शहर त्यांसाठी लोटते. नागपूर-कामठीकडील फुटबॉलची परंपराही अशीच साध्या मैदानांवर वाढली. खेळ आधी रुजतो, मग त्यास घर बांधावे लागते. घर बांधून ठेवल्याने खेळ आपोआप राहावयास येतो, असे कोठेही घडलेले नाही.

मग करावे काय? आमच्या सूचना तीनच आहेत, आणि त्यांपैकी एकीसही नवा पैसा लागत नाही. पहिली: ज्या दिवशी क्रीडांगणाची कोनशिला बसेल, त्याच दिवशी पर्यायी मैदानाचे नावही जाहीर व्हावे. आधीच ठरलेल्या पर्यायात अपमान नसतो. अपमान असतो तो ऐन वेळी तोंड लपवून केलेल्या धावपळीत. दुसरी: स्पर्धेच्या आधी सहा महिने ही अखेरची तारीख समजावी. त्या दिवशी बांधकामाशी संबंध नसलेल्या जाणत्यांनी पाहणी करावी, आणि काम अपुरे दिसल्यास सामने आपोआप दुसऱ्या मैदानावर जावेत. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. मैदान बदलावे, पण स्पर्धेचे वर्ष बदलू नये, हा नियमच असावा. तिसरी: मंजूर रकमेतील पहिला हप्ता पर्यायी मैदानाच्या गवतावर, पाण्यावर आणि मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीवर व शौचालयावर खर्च व्हावा. पहिल्या मैदानाचे काम वेळेवर झाले, तर एकाऐवजी दोन मैदाने पदरी पडतील. यात तोटा कोणाचा?

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांशी. आपल्या मुलाची परीक्षा एक महिना पुढे गेली, तर आपण वर्तमानपत्रांत पत्रे धाडतो, विद्यापीठाच्या दारी जातो, आणि ते योग्यच आहे. वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आपणांस कळते. राष्ट्रीय स्पर्धा ज्यांच्यासाठी साडेसात वर्षे भरली नाही, त्यांची परीक्षा कोणी बुडविली, असे मात्र आपण कोणाला विचारले नाही. आपल्या तालुक्याच्या संकुलाचे काम कोठवर आले, आणि ते होईतो मुलांनी खेळावे कोठे, हे दोन प्रश्न प्रत्येक पालकसभेत व प्रत्येक निवडणुकीच्या सभेत विचारले जावेत. उत्तर मिळेपर्यंत ते विचारीत राहणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य आहे. आज बारा वर्षांची असलेली मुलगी पाच वर्षांनी सतरा वर्षांची होईल. तेवढ्यात काम पुरे करावयाचे की तिला दुसरे मैदान द्यावयाचे, याचा निर्णय आजच व्हावयास हवा.