आईची भाषा

लग्नानंतर आम्ही श्रीनगरला गेलो होतो. दल सरोवरात शिकारा चालला होता. समोर झबरवानचे डोंगर, काठावर हजरतबलचा पांढराशुभ्र घुमट. आमचं मराठी ऐकून शेजारच्या शिकाऱ्यातल्या पुण्याच्या काकूंनी नावं विचारली आणि दचकल्याच. "अय्या, मग मराठी इतकं छान कसं?" शिकारेवाल्या चाचांनाही नवल वाटलं, "मुसलमान हो, फिर ये कौनसी ज़बान?"

दोघांना एकच उत्तर दिलं, आईची. चाचांना लगेच पटलं. त्यांच्या घरातही उर्दू नाही, काश्मिरीच चालते. काकू मात्र कौतुकच करत राहिल्या.

कौतुक वाईट नाही. पण स्वतःच्याच भाषेसाठी शाबासकी मिळाली, की माणूस आपल्याच घरात पाहुणा ठरतो. मुसलमानांची एकच भाषा असते, हा समज दोन्हीकडे आहे. तो मोडायचा तर आपल्या मुलांशी मराठीत बोलण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.