तापती पृथ्वी आणि आपण

उन्हाळा आला की घरोघरी एकच बोलणे ऐकू येते, ‘यंदा ऊन फार आहे हो!’ त्यावर कोणी म्हणतात, ‘ऊन पूर्वीही पडत होतेच. त्यात नवल ते काय?’ दुसरे कोणी निराश होऊन म्हणतात, ‘आता पृथ्वीचे काही खरे नाही. आपल्या हातात काय आहे?’ ही दोन मते अगदी वेगळी वाटतात. पण दोन्हींचा शेवट एकच होतो. माणूस स्वस्थ बसून राहतो. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या.

पहिले मत घेऊ. उष्ण वर्षे पूर्वीही होती, हे खरे आहे. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. एका दिवसाच्या उन्हावरून किंवा एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदलले, असे म्हणता येत नाही. परंतु शास्त्रज्ञ एकाच वर्षाकडे पाहत नाहीत. ते अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहतात. कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखे काम करतो. तो वाढला तर पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२०हून अधिक झाले आहेत. पांघरूण जाड झाले आहे आणि पृथ्वी तापत आहे. २०२४ हे वर्ष तोपर्यंतच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरले. तेव्हा ‘यात नवल ते काय’ असे म्हणून चालणार नाही.

आता दुसरे मत. खरोखरच आपल्या हातात काही नाही का? यासाठी अहमदाबादचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मे २०१०मध्ये तेथे उष्णतेची मोठी लाट आली. पारा ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १३०० जास्त मृत्यू झाले. त्या एकाच लाटेचे सारे खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही. पण पृथ्वी तापेल तशा अशा लाटा वाढत जातात, हे निश्चित. त्या शहराने नशिबाला दोष दिला नाही. २०१३ साली महानगरपालिकेने उष्णतेला तोंड देण्याची एक योजना तयार केली. लाट येण्यापूर्वीच लोकांना इशारा देणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे, उष्माघाताची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना देणे, अशी साधी कामे त्यात होती. पुढे गरीब वस्त्यांतील घरांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही सुरू झाले. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि घर थोडे थंड राहते. या योजनेमुळे अनेक जीव वाचले, असे अभ्यासकांना आढळले. पुढे देशातील इतर शहरांनीही तिचे अनुकरण केले.

येथे कोणी विचारील, ‘मग कोळसा जाळणे कमी करण्याची गरजच काय? फक्त सावली आणि पाणी पुरवले की झाले!’ तसे नाही. छप्पर गळू लागले की आपण खाली भांडे ठेवतो. ते ठेवलेच पाहिजे. पण छप्पर दुरुस्त केले नाही, तर भांडी किती ठेवणार? उन्हापासून बचाव करणे म्हणजे भांडे ठेवणे. धूर कमी करणे, सूर्य व वारा यांपासून वीज मिळवणे म्हणजे छप्पर दुरुस्त करणे. दोन्ही कामे बरोबरच करावी लागतील.

हा खर्च कोणी करायचा, हा वाद जुना आहे. श्रीमंत देशांनी दीडशे-दोनशे वर्षे भरपूर कोळसा व तेल जाळले. भारतातील दरमाणशी धुराचा वाटा आजही जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. म्हणून ज्यांनी जास्त जाळले, त्यांनी जास्त भार उचलावा, ही आपली मागणी न्याय्य आहे. २०१५च्या पॅरिस करारातही ही जबाबदारीतील तफावत मान्य झाली आहे. पण ऊन कोणाचा दोष विचारून पडत नाही. हातगाडी ओढणारा, शेतात राबणारी मजूर स्त्री, मालेगाव-भिवंडीत पत्र्याच्या छपराखाली यंत्रमाग चालवणारा कामगार यांनी पृथ्वी तापवलेली नाही. तरीही पहिली झळ त्यांनाच लागते. हा वाद मिटेपर्यंत त्यांनी उन्हात वाट पाहावी काय?

म्हणून आपल्या गावाने, आपल्या शहराने तहान लागण्यापूर्वीच विहीर खणावी. आमच्या वस्तीत उन्हाळ्यात पाणी कोठे मिळेल, कामगारांना दुपारी विश्रांती मिळेल काय, रस्त्याकडेची जुनी झाडे का तोडली जात आहेत, हे प्रश्न नागरिकांनी विचारले पाहिजेत. तुम्हीही ते घरी आणि शाळेत विचारा. उन्हात कोणाला चक्कर आली, तर त्याला सावलीत न्या, अंग ओल्या कापडाने पुसा आणि ताबडतोब दवाखान्यात पोहोचवा.

भीतीने हातपाय गळतात आणि दुर्लक्षाने संकट वाढते. संकट मोठे आहे, हे मान्य करावे आणि लगेच कामाला लागावे, यातच शहाणपण आहे.