सही करण्याआधी डेटा पाहू द्या

माननीय अध्यक्ष,
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद,
नेल्सन मंडेला मार्ग, वसंत कुंज, नवी दिल्ली



मी दिल्लीच्या आसपासच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्यायला बाह्य परीक्षक म्हणून मला नोएडा, ग्रेटर नोएडा, फरिदाबादला बोलावतात. हल्ली बहुतेक प्रोजेक्ट डेटा सायन्सचे किंवा मशीन लर्निंगचे असतात. मुलं हुशार असतात, कोड चालतो, स्लाइड देखण्या असतात. तरीही त्यातल्या बऱ्याच कामांना संशोधन म्हणायला जीभ रेटत नाही. ज्या डेटावर सगळं उभं आहे, तो मुलांनी नीट पाहिलेला नसतो आणि त्यांच्या मार्गदर्शकांनीही नसतो. यात मुलांचा दोष थोडा, मार्गदर्शकांचाही वाटतो तेवढा नाही. मार्गदर्शक ज्या नियमांखाली सही करतात ते नियम आपल्या हातात आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. मराठीत लिहिण्याचं कारणही सांगते. २०२१ पासून आपल्याच परिषदेने मराठीतून इंजिनिअरिंग शिकायला परवानगी दिली आहे. नोएडात जे चालतं तेच पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात चालतं आणि आपलं परिपत्रक तिथेही पोहोचतं.

एक उदाहरण जवळून दाखवते. ‘मधुमेहाचं भाकीत’ हा विषय दरवर्षी हमखास असतो. डेटासेट ठरलेला: ‘पिमा इंडियन्स’. त्यात ७६८ ओळी आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे एक स्त्री, वय २१ किंवा त्याहून जास्त. नावातल्या ‘इंडियन्स’मुळे कित्येक मुलांना हा भारतातला डेटा वाटतो. या स्त्रिया अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात फिनिक्सजवळ राहणाऱ्या पिमा या मूलनिवासी समाजातल्या आहेत. या डेटावरचा पहिला गाजलेला निबंध १९८८ चा. आता त्यातले रकाने पाहा. ३५ स्त्रियांचा रक्तदाब शून्य लिहिलेला आहे. ११ जणींचा बीएमआय शून्य आहे. इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ ठिकाणी, म्हणजे जवळजवळ निम्म्या ओळींत, शून्य आहे. ही मोजमापं झालीच नव्हती आणि रिकाम्या जागी शून्य भरलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. पण मॉडेलला ते कुठून कळणार? रक्तदाब शून्य असलेल्या बाईला ते खुशाल ‘मधुमेह नाही’ असं सांगून मोकळं होतं.

तोंडी परीक्षेत मी लॅपटॉपवर ती फाइल उघडायला लावते आणि रक्तदाबाच्या रकान्यातल्या शून्यावर बोट ठेवून विचारते, “ही बाई जिवंत आहे का?” मुलं एकमेकांकडे बघतात. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, “मॅम, हे कुणी विचारलंच नव्हतं.” हे उत्तर मी वेगवेगळ्या कॉलेजांत ऐकलं आहे. वर्षभर मार्गदर्शन घेतलेल्या मुलीला हा प्रश्न पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी, तोही परक्या माणसाकडून विचारला जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हे कुठे घडतं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, मुख्यालय दिल्लीत अन्सारी नगरला, एम्सला लागून आहे. भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असा अंदाज देणारा पाहणी अहवाल याच संस्थेच्या पाठबळावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या शहरातल्या मुलांनी मधुमेह शिकायचा तो मात्र ॲरिझोनाच्या जुन्या आकड्यांवरून. सरावाला तो डेटासेट चांगला आहे, मीही वर्गात वापरते. पण त्याच्यावर ‘भारतीय रुग्णांसाठी निदान प्रणाली’ असं शीर्षक छापलं जातं, त्याखाली मार्गदर्शकाची सही होते आणि कधी कधी तो निबंध एखाद्या चर्चासत्रातही वाचला जातो.

दुसरा आवडता विषय दिल्लीची हवा. हा विषय निवडणाऱ्या मुलांचं मला कौतुक वाटतं, कारण नोव्हेंबरमध्ये त्यांचेच डोळे चुरचुरत असतात. हवा मोजणाऱ्या केंद्रांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. आनंद विहारचे तासातासाचे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचे, आकडे घेतले जातात, सगळ्या ओळी पिसल्या जातात, ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवल्या जातात. म्हणजे सकाळी अकराचा आकडा परीक्षेत येतो, तेव्हा त्याच दिवशीचे दहाचे आणि बाराचे आकडे मॉडेलने आधीच पाहिलेले असतात. हवा तासाभरात फारशी बदलत नाही. उत्तर शेजारी ठेवूनच प्रश्न विचारल्यासारखं ते होतं आणि अचूकता नव्वदीच्या पुढे जाते. तेच मॉडेल मागच्या वर्षांवर शिकवून पुढच्या हिवाळ्यावर तपासलं की आकडा घसरतो. पण खरं काम तिथून सुरू होतं. पाऊस कधी पडला, वारा कुठून आला, पराली कधी जळली, केंद्रावरचं यंत्र किती दिवस बंद होतं, हे प्रश्न तेव्हा पडतात. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेची पूर्वसूचना देणारी यंत्रणा दिल्लीत उभी केली, तेव्हा या प्रश्नांना बगल देऊन चाललं नसतं, कारण तिथे उद्याचा आकडा खरोखर उद्याच कळणार होता.

परीक्षेचं उत्तर असं आधीच शिकवणीत झिरपणं हा फक्त विद्यार्थ्यांचा रोग नाही. प्रिन्स्टनचे सयश कपूर आणि अरविंद नारायणन या दोघांनी २०२३ मध्ये १७ विद्याशाखांतला आढावा प्रसिद्ध केला. या चुकीची बाधा झालेले २९४ निबंध त्यात पुढे आले. यादवी युद्धांचं भाकीत करणाऱ्या निबंधांत चूक दुरुस्त केल्यावर गुंतागुंतीची मॉडेल्स जुन्या, साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीपेक्षा सरस उरली नाहीत. या दोघांचं पदवीशिक्षण कानपूर आणि मद्रासच्या आयआयटीतलं आहे. म्हणजे असं बारकाईने पाहणारी माणसं आपल्याकडेही घडतात. मात्र तसं पाहायला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

शेजारी बसायला वेळ कुणाला आहे? असिस्टंट प्रोफेसरने आठवड्याला १६ तास शिकवायचं, असा नियम आहे. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे आपलं प्रमाण. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा आपण उठवली आणि कॉम्प्युटरच्या शाखा फुगल्या. २०२५ हे वर्ष आपण कृत्रिम बुद्धिमत्तेचं वर्ष म्हणून जाहीर केलं. शाखांना नवी नावं मिळाली, माणसं मात्र तीच राहिली. नेटवर्क्स किंवा मायक्रोप्रोसेसर शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हाती एका दुपारी दहा-बारा गटांची यादी ठेवली जाते आणि ते मशीन लर्निंगचे मार्गदर्शक होतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. प्रवेशाची टेबलं, मान्यतेच्या फायली, पेपर तपासणी आणि वर बढतीसाठी स्वतःचे निबंध, हे सगळं उरकून ते प्रत्येक गटाला आठवड्यातून दहा मिनिटं देतात. त्या दहा मिनिटांत ‘किती अचूकता आली?’ एवढंच विचारता येतं. म्हणून मुलंही तो आकडा वाढवायच्या मागे लागतात.

त्या फटीतूनच बाजार आत शिरतो. कोड, रिपोर्ट, स्लाइड आणि तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरं, असं सगळं एका दरात विकणाऱ्यांचे संदेश मुलांच्या फोनवर येऊन पडतात. मी एका रिपोर्टमध्ये दुसऱ्याच राज्यातल्या कॉलेजचं नाव तळटीपेत राहिलेलं पाहिलं आहे. पानापानावर मार्गदर्शकांची सही होती.

सरकार पैसा ओतत नाही असं म्हणता येणार नाही. इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले. जीपीयू स्वस्तात मिळू लागले, डेटासाठी ‘एआयकोश’ उभा राहिला. हे चांगलंच झालं. पण ग्रेटर नोएडाच्या नॉलेज पार्कमधल्या कॉलेजच्या मुलीची अडचण जीपीयूची नाही. ७६८ ओळींना कसला जीपीयू लागतो? तिला अर्धा तास शांतपणे फाइल उघडून बसणारं माणूस हवं आहे.

असं माणूस काय करू शकतं, हे याच शहरात घडून गेलेलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९३३ ते १९३६ ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि तिथे त्यांना संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांचा सहवास लाभला. नमुना कसा निवडावा यावरचं नेमन यांचं मूलभूत काम नेमकं त्याच काळातलं, आणि सुखात्म्यांनी १९३५ मध्येच त्यात स्वतःची भर घातली. चांगल्या मार्गदर्शकाजवळ योग्य वेळी असण्याचा एवढा फायदा असतो. १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत आले. देशात गहू-भात किती पिकतो हे ठरवण्यासाठी शेतातला लहानसा तुकडा कापून मोजायचा, अशी पद्धत होती. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा प्रत्यक्ष महालनोबिस यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाशी वाद झाला. सुखात्म्यांनी शेतात मोजून दाखवलं की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण कापणारा माणूस कडेवरची रोपं आत ओढतो. लहान तुकड्याला कड जास्त, म्हणून चूकही जास्त. हे समजायला कागदावरचं गणित पुरेसं नव्हतं. विळा कुठे टेकतो हे पाहायला बांधावर जावं लागलं. त्यांच्या त्या शाखेतूनच पुढे पुसाची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था वाढली, आणि पिढ्यान् पिढ्यांचे संख्याशास्त्रज्ञ तिथे तयार झाले.

आज त्या बांधाच्या जागी फाइल आहे. तीही तितक्याच जवळून पाहायची असते.

म्हणून माझं मागणं असं आहे. पीएचडीच्या मार्गदर्शकांवर यूजीसीने मर्यादा घातली आहे. २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी. पदवीच्या प्रोजेक्टलाही आपण अशी स्पष्ट मर्यादा घाला. माझ्या मते एका शिक्षकाकडे चार गट पुष्कळ झाले. त्या गटांसोबत बसण्याचे तास त्या १६ तासांत धरा, वेळापत्रकात छापा आणि मान्यतेच्या तपासणीत ते वेळापत्रक मागा. वेळ मोजला गेला नाही तर संस्था तो देणार नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

दुसरं, प्रत्येक डेटा प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये पहिलं पान डेटाच्या दाखल्याचं असू द्या. डेटा कुणी गोळा केला, कुठे, कोणत्या वर्षी, कशासाठी. किती नोंदी रिकाम्या किंवा अशक्य आहेत. परीक्षेच्या ओळी कशा वेगळ्या ठेवल्या. अगदी साध्या पद्धतीने किती उत्तर येतं. हे पान मुलांनी हाताने लिहावं आणि मार्गदर्शकांनी फाइल उघडून, पडताळून त्यावर सही करावी. हे सगळं एका पानात मावतं. ते नसेल तर तोंडी परीक्षा घेऊ नये, असा अधिकार बाह्य परीक्षकाला द्या. आणि अचूकतेच्या आकड्याला स्वतंत्र गुण ठेवू नका. ‘आमचं मॉडेल पुढच्या हिवाळ्यात चाललं नाही, आणि का चाललं नाही ते हे’ असं लिहिणाऱ्या गटाला आज गुण कापले जातात. त्याच गटाला सर्वांत जास्त मिळायला हवेत.

तिसरं काम आपल्या एकट्याचं नाही, पण सुरुवात आपण करू शकता. पुसा, आयसीएमआर, प्रदूषण मंडळ, हवामान खातं, सगळी या एका शहरात आहेत. त्यांच्याकडे डेटा आहे आणि तो कसा गोळा झाला हे जाणणारी माणसंही आहेत. त्यांच्यातल्या अधिकाऱ्यांना सह-मार्गदर्शक होता यावं, त्यांच्या कामाचा तो भाग धरला जावा, यासाठी त्या संस्थांशी बोलणी करा. नेटवर्क्सच्या शिक्षिकेने एकटीने मधुमेह समजून घ्यावा ही अपेक्षाच चूक आहे. आकडा मोजणारं माणूस तिच्या सोबतीला असेल तर ती उत्तम मार्गदर्शक होईल. अशा शिक्षिका मी पाहिल्या आहेत.

आमच्याकडे शेवटच्या वर्षाचे गट आणि विषय ऑगस्टमध्ये ठरतात. परिपत्रक जुलैअखेर निघालं तर पुढच्याच तुकडीला ते लागू होईल. डेटाच्या दाखल्याचा एक नमुना मी तयार करून परिषदेच्या कार्यालयाकडे या पत्रासोबत पाठवते आहे. त्यात हवे ते बदल करा, नाव कुणाचंही घाला.

आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका,
नोएडा